आप्पांना बेड पाहिजे

मायाक्का कोळेकरला सोलापुरात तिच्या नावानं हाक मारणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. ज्या घरात ती आजारी माणसाची उस्तवार करायला जाते, तिथं ती पहिल्याच दिवशी 'मावशी' होते. ज्या संस्थेतर्फे ती कामाला जाते, त्या संस्थेच्या ऑफिसात तिचं नाव 'माया' एवढंच लिहून घेतलं आणि पुढचा 'अक्का' आदराचा समजून गाळला. तिनं एकदा समजावून पाहिलं, "अवो, अक्का वरनं लावल्याली न्हाय, नावातच हाय. देवीचं नाव हाय ते." टेबलामागचा पोरगा मान हलवून म्हणाला, "बरं अक्का." त्या दिवसापासून तिनं तो नाद सोडला.

ती जन्मली सांगोल्याच्या पलीकडच्या माळावर, धनगराच्या घरात. बाप हरिबा शंभर मेंढरांचा धनी. पाऊसकाळ सरला की बायकापोरं, घोडं, कुत्री असं सगळं बिऱ्हाड घेऊन तो चाऱ्यामागं मुलूख पालथा घालायचा. मायाक्काची शाळा चौथीत संपली, मेंढरू मात्र तिला पुरतं कळलं. कुठलं लंगडतंय, कुठलं नुसतंच तोंड हलवतंय आणि चरत नाही, हे ती लांबून सांगायची. हरिबा म्हणायचा, "मेंढरू बोलत न्हाय, पर सांगतंय. ऐकणाऱ्याला कान पायजेत." आणि दुसरी एक गोष्ट तो नेहमी म्हणायचा, "बसल्यालं मेंढरू वेळेत उटवाय पायजे. लई दिस बसलं की मग ते उटत न्हाय." 

पुढं बिरुदेवाशी लग्न झालं, दुष्काळात मेंढरं गेली, आणि नवराबायको सोलापुरात आली. बिरुदेव टॉवेलच्या कारखान्यावर राखणदार लागला. मायाक्कानं आधी धुणीभांडी केली, मग सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन आजारी माणसांची सेवा करू लागली. त्यालाही आता अकरा वर्षं झाली. बाई स्वभावानं फटकळ, पण हात मऊ. तिला गर्व एकाच गोष्टीचा. "माज्या हाताखाली कुणाच्या पाठीला जखम न्हाय झाली अजून," असं ती नव्या घरात पाऊल टाकताच सांगायची. पेशंटला एकटीनं कुशीवर वळवायचं, बसवायचं, परत गादीवर अल्लाद निजवायचं, हे काम ती भाकरी उलथावी इतक्या सहज करायची. हा गर्वच तिला पुढं महागात पडला.

यंदा संक्रांतीला गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा तिला सोलापूरजवळच्या कुंभारीचं घर मिळालं. घर शिवानंदचं. शिवानंद पुण्यात कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येणारा. कुंभारीच्या घरी त्याची बायको रेश्मा, आणि आता त्याचे वडील शिवलिंगप्पा. आप्पा रेल्वेत होते, रुळांवर काम करणाऱ्या टोळीत. उभी नोकरी कुर्डुवाडीत काढली, निवृत्त झाल्यावर होटगीत दोन खोल्या बांधल्या. तीन वर्षांमागं बायको गेली तरी तिथंच एकटे राहिले, सकाळी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात चहा, संध्याकाळी पारावर बैठक. दिवाळीनंतर एके सकाळी अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. दवाखान्यातून सोडल्यावर मुलानं त्यांना थेट कुंभारीला आणलं. ज्या माणसानं कधी कुणाला पाणी मागितलं नव्हतं, त्याला आता पाण्याचा पेला दुसऱ्यानं तोंडाला लावायचा होता.

माणसाची अशी दशा झाली की त्याच्याभोवती बरीच चांगली माणसं जमतात. आप्पांभोवतीही जमली. मंगळवारी आणि शुक्रवारी फिजिओथेरपिस्ट ऋतुराज मोटारसायकलवरून यायचा. वय सव्वीस, हसरा, घाईतला. बुधवारी सरकारी उपकेंद्रातल्या वच्छला सिस्टर साखर आणि बीपी तपासायला यायच्या. एका धर्मादाय ट्रस्टनं वरखाली होणारा दवाखान्याचा बेड दिला होता, वॉकर दिला होता, ऋतुराजला पाठवायचा खर्चही ट्रस्टच करायचा. त्या ट्रस्टच्या सुकन्या मॅडम महिन्याला एकदा येऊन सगळं बघून जायच्या. आणि रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मायाक्का. प्रत्येकाचा वार वेगळा, प्रत्येकाची फाईल वेगळी. मायाक्का सोडली तर एक दुसऱ्याला दारातसुद्धा भेटत नव्हता. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात तशातली गत, आणि गंमत म्हणजे प्रत्येक चिंधी स्वच्छ धुतलेली, इस्त्री केलेली.

घरी आल्यावर महिन्याभरात आप्पांच्या तोंडून शब्द फुटायला लागले. शब्द म्हणजे दोनच. पहिला 'ब्येड'.

पहिल्यांदा 'ब्येड' ऐकला तेव्हा रेश्माला इतका आनंद झाला की तिनं पुण्याला फोन लावला. "मामा बोलले! बेड म्हणाले!" आप्पांना लगोलग बेडवर नीट निजवण्यात आलं. त्यांनी परत म्हटलं, "ब्येड." उशी सारखी केली. "ब्येड! ब्येड!" बेडची कळ फिरवून डोकं वर केलं, मग खाली केलं. आप्पांनी डावा हात आपटला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. शिवानंद पुढच्या रविवारी आला. त्यानं बराच विचार करून सांगितलं की बाबांना त्यांचा होटगीचा जुना पलंग आठवत असणार. टेम्पो केला, लोखंडी पलंग होटगीहून आणला, खोलीत मावेना म्हणून कपाट बाहेर काढलं. आप्पांनी तो पलंग बघितला आणि मोठ्यानं ओरडले, "ब्येड! ब्येड! ब्येड!" डोळ्यांत पाणी. पोराचा ऊर भरून आला. म्हणाला, "बघा, ओळखला!"

दुसरा शब्द 'साकु'. तो जेवताना यायचा. आप्पांना मधुमेह, आणि रेश्मा नातेपुत्याच्या शेतकऱ्याची लेक, तिच्या माहेरी साखरेला 'साकर'च म्हणतात. ती रोज कळवळून सांगायची, "न्हाय मामा, साकर चालत न्हाय तुम्हाला. डॉक्टर ओरडतील." आणि आणखी दोन घास भरवायची. वच्छला सिस्टरांनी बुधवारी फाईलमध्ये लिहिलं, 'रुग्ण गोड मागतो. समज दिली.'

ऋतुराजचं वेगळंच. तो यायचा तेव्हा आप्पा निजलेले असत. तो पाय उचलून व्यायाम सुरू करायचा, की आप्पा म्हणणार, "ब्येड." ऋतुराज म्हणायचा, "हो आजोबा, बेडवरच करतोय, उठवत नाही." हळूहळू त्यानं उठवायचा नाद सोडला. तो तरी काय करणार, कुणाला बळंच उभं करता येत नाही. त्याच्या फाईलमध्ये प्रत्येक मंगळवारी आणि शुक्रवारी एकच ओळ पडत गेली, 'रुग्ण बेडची मागणी करतो. सहकार्य नाही.'

आणि मायाक्का? तिच्याइतक्या चपळाईनं आप्पांचं 'ब्येड' कुणीच पुरं केलं नाही. खुर्चीत बसवलं, त्यांनी तोंड उघडलं की तिनं दोन हात बगलेत घातलेच, की आप्पा गादीवर. पाठीला जखम नाही, चादरीला सुरकुती नाही. एकच गोष्ट तिला कुसळासारखी टोचायची. बेडवर निजलेला माणूस बेड कशाला मागतो? निजवल्यावर तर जास्तच मागतो. पण खायला मिळाल्यावरही ओरडणारी मेंढरं तिनं पाहिली होती. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून तिनं ते कुसळ तसंच राहू दिलं.

मार्चमध्ये सुकन्या मॅडम आल्या आणि जाताना रेश्माला व मायाक्काला ओट्यावर बोलावून म्हणाल्या, "पाडव्यानंतरच्या गुरुवारी तीन महिन्यांचा आढावा आहे. खरं सांगू का, फाईल बघता फिजिओ पुढं चालू ठेवणं अवघड दिसतंय. यादीत एकवीस माणसं थांबलीत. वॉकरही कुणाच्या तरी कामी येईल." बाई वाईट नव्हती. तिच्यापुढं एकवीस घरांचे फोन होते.  संध्याकाळी भांडी घासताना रेश्मा म्हणाली, "मावशी, हे म्हणत्यात फिजिओ बंद झालं तर बाबांना पुण्याला एका केंद्रात ठेवू. तितं सगळं बेडवरच करत्यात म्हणं. मला सुटल्यासारखं वाटायला पायजे, तर तसं न्हाय वाटत बघा."

मायाक्काला त्या दिवशी बापाची आठवण झाली. बसल्यालं मेंढरू. चार महिने झाले होते आप्पांना बसून. आता नाही उठले तर पुन्हा उठणार नाहीत, हे तिला फाईल न वाचता कळत होतं. आणि त्यांना उठायचंच नाही, असं सगळे लिहून मोकळे झाले होते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मायाक्का रोज सोलापूर स्टँडवरून अक्कलकोटच्या एस.टी.नं कुंभारीला जायची. त्या गाडीवरचा कंडक्टर गुरुबसप्पा ओळखीचा झाला होता, तिकीट फाडता फाडता घरच्या चौकशा करणारा. त्या दिवशी तिच्या पुढच्या बाकावर एक म्हातारा-म्हातारी बसली होती. म्हातारीनं पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि म्हाताऱ्याच्या हातावर ठेवल्या. म्हाताऱ्यानं हात झटकला. "ब्याड." तिनं परत ठेवल्या. "ब्याड, ब्याड!" म्हाताऱ्यानं हात उताणा करून असा उडवला, की मायाक्का बसल्या जागी सरळ झाली. तो हात तिच्या ओळखीचा होता. आप्पांचा डावा हात अगदी असाच उडायचा.

तिनं गुरुबसप्पाला हाक मारली. "अवो, ह्यास्नी बरं वाटंना का? बेड मागाय लागल्यात."

"बेड?" गुरुबसप्पाला आधी कळेना, आणि कळल्यावर तो इतक्या मोठ्यानं हसला की ड्रायव्हरनं आरशात बघितलं. "अक्का, बेड न्हवं ओ ते! ब्याड! कानडीत नको म्हणायला ब्याड म्हणतेत. म्हातारा शेंगा नको म्हणालाय की!"

 मायाक्कानं बाकाची दांडी घट्ट धरली. "आनि साकु म्हंजी?"

"साकु म्हणजे बास. पुरे. पोट भरलं की म्हणतेत, साकु. का ओ?"

  दीड महिना तो माणूस जीव तोडून 'नको' म्हणत होता, आणि नको म्हटलं की ती त्याला निजवत होती. झटपट, हसतमुखानं, चादरीला सुरकुती न पाडता.

"अक्का, कुंभारी गेली की मागं!" गुरुबसप्पानं घंटी वाजवून गाडी थांबवली. दीड किलोमीटर ती उन्हातून उलटी चालत आली. वाटेत एका लिंबाखाली उभी राहून रडली, पदरानं तोंड पुसलं, आणि स्वतःलाच दोन चार शिव्या घातल्या. सांगोल्याच्या शिव्या त्या, इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

घरात आप्पा निजलेले होते. मायाक्का चप्पल काढून तडक त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. उशीला हात लावला नाही. फक्त म्हणाली, "आप्पा, ब्याड?"

आप्पांनी मान वळवली.  मग तिनं बेडच्या गादीवर थाप मारून परत विचारलं, "ह्ये ब्याड?"

"ब्याड," आप्पा म्हणाले. या खेपेला हात उडवला नाही. वाकड्या तोंडाची डावी बाजू वर गेली, आणि डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं. "ब्याड... ब्याड."

रेश्मा पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. मायाक्कानं तिला बसमधलं सगळं सांगितलं. साकुचं ऐकल्यावर मात्र ती मटकन खाली बसली. "मावशी, मला त्यांची लई दया आली हुती. एक दिवस मी चोरून चमचाभर साकर दिली त्यांना. त्यांनी थुंकली. मला वाटलं, माझ्या हातचं त्यांना नकोच हाय. मी दोन दिवस रडले बघा." मग ती स्वतःशीच म्हणाली, "बास म्हणत हुते. पोट भरलं म्हणत हुते." आणि हसायला लागली, आणि हसता हसता पिठाचे हात डोळ्यांना लावल्यामुळं तिचं तोंड पांढरं झालं. आप्पा टकमक बघत होते.

शिवानंदला फोन केला. तो म्हणाला, "कानडी? आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. आईचं माहेर बार्शीचं. पण मी लहान असताना बाबांची आई गावाकडनं यायची, तेव्हा दोघं कायतरी बोलत बसायचे. बाबा आम्हाला म्हणायचे, तुम्ही मराठीच बोला, शाळेत बरं पडतं." मग त्यानं घाईनं फोन ठेवला. पलंगाचा टेम्पो त्याला आठवला असावा.

पुढचं काम अवघड होतं. तीन फाईलींत तीन माणसांनी चूक लिहून ठेवली होती आणि तिघंही शिकलेली. मायाक्कानं ठरवलं, फोनवर काही सांगायचं नाही, सगळ्यांना एका दिवशी, एका खोलीत आणायचं. वच्छला सिस्टर लगेच हो म्हणाल्या. ऋतुराज कुरकुरला, "अक्का, मी गुरुवारी कुंभारीत नसतो. मंगळवारी सांगा ना." मायाक्का म्हणाली, "सर, पंगतीला एकेक जण येगळ्या टायमाला आला, तर कुणाच्या पानात काय वाडलं ते कुणालाच कळत न्हाय. एक दिस या की." तो हसला आणि आला.

गुरुवारी सकाळी खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. होटगीचा पलंग अजून तिथंच होता, त्यावर सुकन्या मॅडम फाईल उघडून बसल्या. फॉर्मवर तीन चौकोन होते. सुरू ठेवणे, कमी करणे, बंद करणे. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम, आदी माजं ऐका," मायाक्का म्हणाली. "पयली चूक माजी हाय." आणि तिनं सगळं सांगितलं. बस, शेंगा, ब्याड, साकु. ऋतुराजकडं किंवा सिस्टरांकडं बोट दाखवलं नाही. "मी ह्यास्नी दीड महिना उलटं निजवलं. नको म्हनत्यात आनि मी निजवतीया. मला बाकी लई अभिमान, पाठीला जखम न्हाय म्हणून."

 मग वच्छला सिस्टरांनी आपली फाईल उघडली, 'समज दिली' ही ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी ह्या माणसाला साखरेचे दुष्परिणाम सांगितले. तीनदा." ऋतुराजचे कान लाल झाले होते. तो आपल्या फाईलची पानं उलटत राहिला, मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, सॉरी." सुकन्या मॅडम फॉर्मचं पहिलं पान बघत होत्या. नाव, वय, पत्ता, रक्तगट, आधार नंबर, सगळं होतं. "भाषा कुठंच विचारलेली नाही," त्या म्हणाल्या. "हा फॉर्म मीच तयार केलाय." ज्यानं चूक आधी कबूल केली त्याच्यापुढं बाकीच्यांना लपवायला काही कारण उरत नाही, आणि मायाक्काला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं गुरुबसप्पाकडून आणखी शब्द विचारून आणले होते. ऋतुराज आप्पांसमोर वाकला, दोन्ही हात पुढं केले आणि अडखळत म्हणाला, "आजोबा, उठायचं? बेकु?" बेकु म्हणजे पाहिजे.

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं, मग दाराकडं, दारापलीकडच्या उजेडाकडं. "बेकु," ते म्हणाले. इतकं स्वच्छ की रेश्मानं तोंडावर हात ठेवला.

उजव्या बाजूला ऋतुराज, डाव्या बाजूला मायाक्का, समोर वॉकर. आप्पा उठले. पाय थरथरत होते, लेंगा थरथरत होता, वॉकर जमिनीवर खडखडत होता, पण उभे राहिले. वच्छला सिस्टर घड्याळात बघत मोजू लागल्या. एक मिनिट गेलं. दीड झालं. "साकु," आप्पा म्हणाले. "बास म्हणाले, बास!" सगळी एकदम ओरडली, आणि ऋतुराजनं व मायाक्कानं सवयीनं त्यांना बेडकडं वळवलं.

"ब्याड!"

दोघांचे हात जागच्या जागी थांबले. मायाक्काला हसू फुटलं, मग सिस्टरांना, मग सगळ्यांना. आप्पांनाही. अर्ध्या तोंडानं हसत होते ते, आणि खुर्ची दारात आणून त्यांना तिथं बसवेपर्यंत हसत होते. सुकन्या मॅडमनी पहिल्या चौकोनात खूण केली. सही करताना म्हणाल्या, "मायाक्का, हा शब्द तुम्ही बाकीच्या घरांतही विचारा. अक्कलकोट रस्त्यावर आमचे अजून सात पेशंट आहेत." मायाक्काच्या कानाला आधी तिचं पूर्ण नाव ऐकू आलं, बाकीचं नंतर.

त्या दिवसापासून घरात एकच वही राहिली. शंभर पानी, शाळेची, खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली. येईल त्यानं त्यातच लिहायचं आणि आधीच्यानं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही, हा नियम रेश्मानं केला आणि तिनंच तो कडकपणे पाळायला लावला. आपापल्या फाईली चालू राहिल्या, सरकारी कागदाला कोण अडवणार. पण खरी गोष्ट वहीत असायची. पहिल्या पानावर सात कानडी शब्द लिहिले होते. गुरुबसप्पा एका सुट्टीच्या दिवशी स्वतःच येऊन बसला, तासभर आप्पांशी कानडीत बोलला, म्हणजे तोच बोलला, आप्पांनी चार शब्द आणि पुष्कळ माना हलवल्या. जाताना वहीत त्यानंही लिहिलं, 'होटगीच्या चहाची चौकशी केली. तब्येत खुश.' दवाखान्यात दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वही वाचून सांगितलं की असं होतं कधीकधी, मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची राहते. बाकीचीही थोडी परत येईल. तशी ती आलीही. वैशाखात आप्पा रेश्माला 'पोरी' म्हणाले. मराठीत.

पलंग होटगीला परत गेला. टेम्पो शिवानंदनंच केला आणि त्या विषयावर कुणाला बोलू दिलं नाही. पुण्याच्या केंद्राचा विषय तर त्यानं पुन्हा काढलाच नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी मायाक्का नेहमीप्रमाणे नऊला आली. आप्पा वॉकर धरून खोलीतून दारापर्यंत रोज जात होते, पण दाराबाहेर ओट्यावर उतरायला एक पायरी होती. तिथं ती रोज हात द्यायची आणि ते तो धरायचे. त्या दिवशी वॉकर ओट्यावर टेकवून ते थांबले. मायाक्कानं हात पुढं केला.

आप्पांनी हाताकडं बघितलं, मग तिच्याकडं. "ब्याड," ते म्हणाले, आणि डावा हात हलकेच उडवून परत वॉकरवर ठेवला. डावा पाय खाली गेला. मग उजवा, ओढत, घासत, पण गेला. ओट्यावर ऊन पडलं होतं. समोरून जाणाऱ्या तेलुगू शेजारणीनं तिच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि आप्पांनी तिला हात वर करून दाखवला.

मायाक्काचा पुढं केलेला हात तसाच राहिला होता. अकरा वर्षांत तिच्या हाताला कुणी इतकं छान नको म्हटलं नव्हतं. या घरातलं आपलं काम आता सरत आलं, पुढच्या महिन्यात दुसरं घर, हे तिला कळलं. थोडं वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं. ती आत गेली. खिडकीच्या गजाची वही घेतली आणि आपल्या चौथीच्या अक्षरात सावकाश लिहिलं, 'आज आप्पा मला ब्याड म्हनाले. एकटे उतरले.' मग तिनं रिकाम्या बेडवरची चादर झटकली आणि घडी घालून ठेवली.